कपाळावरची बॅटरी की हातातली?

उसाला पाणी पाजायची पाळी रात्रीची आली की आमच्या गल्लीत दोन तट पडतात. एक कपाळाला पट्टा आवळून निघणाऱ्यांचा, दुसरा हातात नळकांडं घेऊन निघणाऱ्यांचा. दोन्हीकडं शहाणी माणसं आहेत. मी स्वतः तीन वर्षं कपाळावरची वापरली, त्याच्या आधी आणि नंतर हातातली. भाचा आता नोकरी सोडून गावाकडं शेती करायला आलाय. त्यानं फोनवर विचारलं, "मामा, कुठली घेऊ?" त्याला तेव्हा दिलेलं उत्तर जरा तडकाफडकी झालं, म्हणून हे सावकाशीनं.

उजेड किती लुमेन, मारा किती मीटर, हे सोडून देतो. ते डब्यावर छापलेलं असतं आणि डब्यावर काहीही छापता येतं. सेलबद्दल तेवढं सांगतो, कारण तिथं दोन्ही तटांची सारखीच फसगत होते. या बॅटऱ्यांत बहुतेक १८६५० सेल असतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. सेलात वीज किती मावते ते एमएएचमध्ये मोजतात, आणि एवढ्या जागेत चांगल्यातल्या चांगल्या कारखान्यालाही साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच भरता येतं. बाजारात ९९०० लिहिलेला सेल दिसला तर हातात घेऊन बघा, हलका लागेल, आणि गुमान परत ठेवा.

आमचं रान राधानगरी तालुक्यात. खाली भोगावतीच्या अंगाला ऊस, वर डोंगराला भात आणि नाचणी, त्याच्या वर दाजीपूरचं जंगल. कोल्हापूर संस्थानच्या काळात ते राजांचं शिकारीचं रान होतं, १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. त्याआधी आमच्या आबांकडं ठासणीची बंदूक आणि कपाळाला बांधायची एक अवजड बॅटरी होती, तिची वायर पाठीवरून कमरेच्या डब्यात जायची. बंदूक केव्हाच गेली. ज्यांच्याकडं शेतीसंरक्षणाच्या परवान्याची आहे, त्यांचंही निम्मं आयुष्य निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा करण्यात जातं. राखणीला आता आवाज, डबा, कुत्रं आणि उजेड एवढंच राहिलंय. म्हणून उजेड कुठला घ्यायचा, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

कपाळावरचीचा मान आधी देतो, कारण तो खरा आहे. पाणी पाजताना खोरं दोन्ही हातांनी चालवावं लागतं. सरी भरली, दारं म्हणजे पाण्याचं तोंड मोडायचं, पुढचं बांधायचं, तेवढ्यात वरच्या अंगाला पाट फुटतो. अशा वेळी एक हात बॅटरीत अडकलेला माणूस म्हणजे अर्धा माणूस. डीपीपाशी फ्यूज उडाला, मोटरच्या फूटव्हॉल्व्हमध्ये गवत अडकलं, गाभण म्हैस रात्री दोनला व्यायला लागली आणि पारडाचे पाय ओढायचे आहेत, या सगळ्या ठिकाणी कपाळावरचीला तोड नाही. ऊसतोडीला बीडकडची टोळी येते, ती माणसं पहाटे तीनला डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढतात. त्यांच्या कपाळावर हीच बॅटरी असते. त्यांना हातातली घ्या म्हणणं म्हणजे थट्टा झाली.

आणखी एक गुण आहे, तो फार जणांच्या लक्षात येत नाही. जनावराचा डोळा लकाकतो तो उजेड जिथून आला तिकडंच परत फिरतो म्हणून. बॅटरी आपल्या डोळ्याच्या जितकी जवळ, तितकी लकाकी जास्त. कपाळावरच्या बॅटरीनं उसाच्या कडेला उभ्या गव्याचे डोळे लांबून दिव्यासारखे पेटतात, हातातली कमरेपाशी धरली तर तेच डोळे मिणमिणतात. आबांच्या पिढीनं ही वस्तू कपाळावर का चढवली, ते यातून कळतं. फक्त यावर विसंबून रानडुकरं हाकलायला जाऊ नका. डुकराच्या डोळ्यात मागचा तो चकाकणारा पडदाच नसतो. समोर काळोख शांत दिसतो आणि त्याच काळोखातून मक्याची ताटं मोडल्याचा आवाज येतो.

इथवर वाचून भाचा म्हणेल, मग ठरलं की. थांब.

मे महिन्याचा शेवट होता. वळीव नुसती धूळ बसवून गेला होता, त्यामुळं पाणी द्यावंच लागणार होतं. लाईट रात्री आली, मी पट्टा आवळला आणि खालच्या पट्टीत उतरलो. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग एक भुंगेरा गालावर आपटला, एक ओठावर. ज्यांच्याकडं ऊस आहे त्यांना हुमणी माहीत आहे, उसाची मुळं खाणारी अळी. पहिला पाऊस झाला की तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात, बाभळी-लिंबावर बसतात आणि उजेडाकडं झेपावतात. त्यांच्यासाठी कृषी खात्याची माणसं प्रकाश सापळा लावायला सांगतात. खाली पाण्याची पाटी, वर दिवा. मी तोच सापळा कपाळावर बांधून फिरत होतो, आणि पाटीच्या जागी माझं तोंड होतं.

तोंड मिटून काम करता येतं. डोळे किलकिले करूनही चालतं. कान मात्र मिटत नाहीत. अकराच्या सुमाराला एक बारीक किडा उजव्या कानात शिरला आणि पडद्यापाशी जाऊन फडफडायला लागला. ज्याला हा अनुभव नाही त्याला सांगून कळणार नाही. डोक्याच्या आत कोणीतरी पत्रा वाजवतंय असं वाटतं. खोरं टाकून तसाच घराकडं पळालो, पट्टा डोक्यावरच, म्हणजे वाटभर आणखी किडे सोबतीला. मालकिणीनं उठून खोबरेल कोमट केलं, मला कुशीवर झोपवून कानात सोडलं. फडफड थांबली, पण किडा आतच राहिला. सकाळी डॉक्टरांनी चिमट्यानं काढून कागदावर ठेवून दाखवला. तिळाएवढा होता. रात्री तो मला निदान चिमणीएवढा वाटला होता. मधल्या वेळात मोटर चालूच राहिली, पाणी शेजाऱ्याच्या भुईमुगात गेलं, त्याची बोलणी वेगळी.

हा किस्सा एकदाचा, पण त्रास रोजचा. पावसाच्या तोंडाला वाळवीची पाखरं, श्रावण-भादव्यात मिळेल ते, दिवाळीच्या आसपास भाताचे हिरवे तुडतुडे. वर्षातले साधारण सात महिने कपाळावरच्या बॅटरीचा अर्थ किडे आपल्या नाकाशी बोलावणं असा होतो. हातातलीभोवतीही तेवढेच किडे येतात, कमी नाही. पण ते माझ्या मनगटाभोवती फिरतात. मनगटाला कान नाही.

कपाळावरच्या बॅटरीची बाजू घेणारे म्हणतात, लाल उजेडाचं बटण असलेली घ्या. घेतली. किड्यांना लाल रंग फारसा दिसत नाही, त्यामुळं गर्दी खरोखर कमी होते. पण लाल उजेडात पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला, ओली माती आणि त्यावर पडलेलं काहीही एकाच रंगाचं दिसतं. आमच्याकडं उसात घोणस असते, तिच्या अंगावरचे ठिपके पांढऱ्या उजेडातसुद्धा पाचटात मिसळून जातात. किडा टाळायला गेलो आणि पायाखालचं दिसेनासं झालं, असा सौदा मला तरी परवडला नाही. ज्यांच्या रानात पाचट नाही, चिरेबंद बांध आहे, त्यांनी हा पर्याय जरूर बघावा.

सापाचा विषय निघालाच आहे तर सावलीचंही सांगतो. बॅटरी डोळ्याला लागून असली की वस्तूची सावली वस्तूच्या मागंच पडते, आपल्याला दिसत नाही. समोरचं सगळं सपाट दिसतं, भिंतीवर लावलेल्या फोटोसारखं. खड्डा, दगड, काटकी, वेटोळं, कशालाच उंची राहत नाही. तीच बॅटरी मांडीपाशी धरून चाला. बारक्या ढेकळाचीही लांब सावली पडते आणि ती हलली तर लगेच कळतं. मी काही मोजमाप केलेलं नाही. पण कपाळावरची असताना मी तीन वर्षांत दोनदा घोणशीच्या अगदी जवळ पाय ठेवला, दोन्ही वेळा तिच्या कुकरसारख्या फुत्कारानं कळलं, नजरेनं नाही. हातातली घेतल्यावर अजून तरी आधी नजर पोहोचलीय. नशिबाचाही भाग असेल.

धुक्यात तर हा फरक कोणालाही दिसेल. गगनबावड्याच्या बाजूला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडं त्याहून कमी, पण जुलैत ढग बांधावर येऊन बसतात. कपाळावरचा उजेड धुक्यातून उलटा डोळ्यात येतो आणि तोंडापुढं पांढरा पडदा तयार होतो. ट्रकवाले धुक्यात घाटात अप्पर, म्हणजे लांबचा झोत, मारत नाहीत ते याच कारणानं. हातातली खाली धरली की निदान पायवाट दिसते.

बारीकसारीक तक्रारी पटकन उरकतो. बहुतेक कपाळाच्या बॅटऱ्यांना एकच बटण असतं, बंद करायला गेलं की मोठी, मग बारीक, मग लुकलुक, मग बंद. दुसऱ्या पावसाळ्यात पट्ट्याचं इलॅस्टिक सैल पडतं आणि घामानं त्याला असा वास येतो की कुत्रं लांबून ओळखतं. शिवाय माणसं बोलताना तोंडाकडं बघतात. बांधावर दोघे भेटले की एकमेकांच्या डोळ्यात फोकस. "आण्णा, खाली बघून बोला की!" असं दहा वेळा झाल्यावर आता आमच्याकडची बाप्ये माणसं रात्री नव्या नवरीसारखी खाली मान घालून पाण्याच्या पाळीवर भांडतात.

ही शेवटची गोष्ट गव्यापाशी मात्र चेष्टेची राहत नाही. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो. वाटेत समोर उभा राहिला तर मी उजेड जमिनीवर आणतो, नजर त्याच्यावर ठेवतो आणि मागं सरकतो. कपाळावर बॅटरी असेल तर नजर त्याच्यावर म्हणजे फोकसही त्याच्यावर. बघणं आणि उजेड मारणं वेगळं करता येत नाही. बावचळलेल्या गव्याचं काय होतं ते २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. गर्दीनं पळवून पळवून अखेर ते जनावर मेलं. आपल्या बांधावर गर्दी नसते, आपण एकटे असतो. तिथं बावचळायची पाळी कोणावर येईल, याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा. जंगलाच्या कडेला रात्री कपाळाला बॅटरी लावून फिरणाऱ्याला फॉरेस्टचा गार्ड हटकणारच, तेही ध्यानात ठेवा. त्याचं काही चुकत नाही.

आता हातातलीचे दोष. ती हातात असते, हाच पहिला. काखेत धरली की खोरं मारताना निसटते, दातात धरली की लाळ गळते आणि हाक मारता येत नाही. माझी एक पाटात पडून वाहत गेली, वाहताना चालू होती, त्यामुळं वीस-पंचवीस सऱ्या तिच्या मागं पळत गेलो. आबांची तीन मोठ्या सेलची स्टीलची होती, तिचं वजनच असं की प्रसंगी काठीचं काम व्हायचं. पण सेल मंदावले की उन्हात ठेवायचे, परत थोडे चालायचे, आणि एखाद्या पावसाळ्यात विसरले की पाघळून आत पांढरी राख. आताच्या बारक्या बॅटऱ्यांत ते राहिलं नाही.

मी काढलेला तोडगा साधा आहे. मागच्या कडीला नाडी ओवून बॅटरी गळ्यात अडकवायची, नाडी एवढी लांब की ती बेंबीपाशी तोंड खाली करून लोंबेल. दारं मोडताना दोन्ही हात मोकळे, उजेड नेमका पायापुढच्या सरीत. लांबचं बघायचं झालं तर हातात घेऊन मारायची. वाकलं की ती झुलते आणि उजेड पाळण्यासारखा इकडून तिकडं फिरतो, हे कबूल. पहिले चार दिवस डोकं गरगरतं. नाडीला मध्ये एक गाठ मारून ती सदऱ्याच्या बटणाला अडकवली तर बरंच थांबतं.

तर भाच्या, तुझी जमीन वरच्या अंगाला आहे, उसापेक्षा भात जास्त, आणि गोठा अजून उभा राहायचाय. तुझ्या जागी मी असतो तर हातातली घेतली असती, पिवळसर उजेडाची मिळाली तर उत्तम, कारण निळसर पांढऱ्यावर किडे जास्त येतात. गोठा झाला की एक कपाळावरची घे, स्वस्तातली चालेल. आणि कानात कापसाचे बोळे घालून कपाळावरचीच वापरणारे लोकही आमच्या गल्लीत आहेत, ते सुखी दिसतात. फक्त त्यांना हाक मारली तर ऐकू येत नाही.

माझी कपाळावरची गोठ्यात खुंटीला असते. म्हैस दिवाळीच्या सुमाराला व्यायची आहे, तिच्यासाठी सेल भरून ठेवलाय.