एक किलोचं पाकीट आणि तिप्पट क्रीम: नॉन-डेअरी व्हिप क्रीमची उलटतपासणी

घरून केक विकणाऱ्या कुणाचाही फ्रीझर उघडा, मटारच्या पिशवीशेजारी एक किलोचं पांढरं पाकीट आडवं पडलेलं असतं. दुकानदार त्याला ‘व्हिप क्रीम’ म्हणतो, घेणारीही तेच म्हणते, आणि पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं ‘व्हिप टॉपिंग’. या तिघांत खरं बोलतं ते पाकीट. आत दुधाची साय नाही. पाणी, साखर, हायड्रोजनीकरण करून घट्ट केलेलं वनस्पती तेल (बहुधा पामच्या बियांतलं), आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारे इमल्सिफायर व स्टॅबिलायझर, एवढाच माल. रिच्स, ट्रोपोलाईट ही दुकानात हमखास ऐकू येणारी नावं. कंपनीगणिक गोडी आणि घट्टपणा थोडा बदलतो, जात तीच. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या जातीचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. आकार, टिकाऊपणा आणि परवडणं यांत दहापैकी नऊ गुण. चवीला पाच, तेही चांगला व्हॅनिला घातल्यावर.

या क्रीमबद्दलच्या निम्म्या तक्रारी फेटण्याआधीच जन्माला येतात. पाकीट फ्रीझरमधून काढून ओट्यावर ठेवलं की कडा वितळतात, मधला गोळा दगडच राहतो, आणि सगळं पातळ होईपर्यंत कडेचं क्रीम कोमट झालेलं असतं. असं क्रीम दहा मिनिटं फेटलं तरी ताकासारखं हलत राहतं. पाकीट फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात न्यायचं ते आदल्या दिवशी. एक किलोला 18 ते 24 तास लागतात. मायक्रोवेव्ह, गरम पाण्याची परात वगैरे शॉर्टकट विसरा. आणि ‘थोडा बर्फ असला तर चालतो’ हेही खरं नाही. बर्फाचे कण नोझलमध्ये (फुलं काढायच्या टोकात) अडकतात, आणि केक बॉक्समध्ये गेल्यावर वितळून गुळगुळीत भिंतीवर बारीक खड्डे पाडतात.

एकदा वितळलेलं क्रीम पुन्हा गोठवलं की तेल आणि पाणी यांची घडी विस्कटते, फुगणं कमी होतं, पोत रवाळ येतो. आठवड्याला दोनच ऑर्डरी असतील तर गोठलेलं पाकीटच जाड सुरीने अर्धं कापावं, उरलेला अर्धा भाग घट्ट गुंडाळून लगेच फ्रीझरमध्ये टाकावा.

फेटताना भांडं अरुंद आणि खोल हवं. 200 ग्रॅम क्रीम पसरट परातीत घेतलं तर हॅंड बीटरची पाती वरच्यावरच फिरतात. स्टीलचं भांडं आणि पाती 15 मिनिटं फ्रीझरमध्ये, क्रीम 5 ते 10 अंश सेल्सिअसच्या आसपास. पहिली दोन मिनिटं सगळ्यात कमी वेग, मग मध्यम. सुरुवातीपासून पूर्ण वेग दिला की फुगतं झटकन, पण आत मोठे बुडबुडे राहतात, आणि तेच पुढे टर्नटेबलवर (केक फिरवायच्या चकतीवर) स्क्रेपर फिरवताना छिद्रं होऊन दिसतात. पातीच्या रेघा पुसट न होता तशाच राहायला लागल्या की सॉफ्ट पीक. केकचे थर भरायला आणि बाहेरून गुळगुळीत लावायला इथेच थांबायचं. क्रीमचे गुलाब काढायला आणखी अर्धा-एक मिनिट, म्हणजे ताठ उभं राहणारं स्टिफ पीक. लावायला स्टिफ पीक वापरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे: पॅलेट नाईफ (क्रीम लावायची चपटी सुरी) फिरेल तसं क्रीम आणखी फेटलं जातं आणि कडा खरबरीत, फाटक्या निघतात.

फार पुढे गेलंच, तर टाकून द्यायची गरज नाही. दोन-तीन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घालून स्पॅच्युलाने हलक्या हाताने कालवलं की पोत परत येतो. इथे नॉन-डेअरी क्रीम सरळ जिंकतं, कारण दुधाचं क्रीम जास्त फेटलं की लोणी सुटतं, आणि लोण्याचं पुन्हा क्रीम होत नाही.

आता मापं. अर्ध्या किलोच्या केकला साधारण 220 ग्रॅम स्पंज, 80 ग्रॅम साखरेचं पाणी आणि 200 ग्रॅम क्रीम. एक किलोला 400 ग्रॅम क्रीम धरा, वर भरगच्च फुलं हवी असतील तर 100 ग्रॅम जास्त. हे वजन फेटण्याआधीचं. फेटून वजन वाढत नाही, आकार वाढतो. नेमकी इथेच गोम आहे. फेटून तिप्पट होणाऱ्या या क्रीमने केक उंच, भरलेला दिसतो आणि काट्यावर ठेवला की 850 ग्रॅम भरतो. किलोच्या भावाने ऑर्डर घेत असाल, तर बोर्डाचं वजन आधी वजा करून केक काट्यावर ठेवायची सवय हवी.

दुधाच्या क्रीमशी तुलना टाळता येत नाही. अमूलच्या व्हिपिंग क्रीममध्ये 30 टक्के दुधाचा स्निग्धांश आहे, तर त्यांच्याच फ्रेश क्रीममध्ये 25 टक्के. दुसरं फेटायला घेऊन फसणारे रोज नवीन भेटतात. ते गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) आणि सॉससाठी ठीक, त्याला पीक येत नाही. व्हिपिंग क्रीम फेटून साधारण दुप्पट होतं, साखर आपण घालायची असल्याने गोडी आपल्या हातात राहते, आणि जिभेवर ठेवताच विरघळतं. नॉन-डेअरी तसं विरघळत नाही. त्यातलं घट्ट तेल तोंडाच्या उष्णतेला पुरतं वितळत नाही, म्हणून टाळूला तो मेणचट थर राहतो. त्यात कितीही इसेन्स घाला, थर जात नाही. गोडी मात्र चिमूटभर मिठाने बरीच आवरते. वरून साखर घालायचा प्रश्नच नाही, मुळातच पुरेशी आहे.

मग फक्त दुधाचंच का वापरू नये? एप्रिल-मेमधल्या ठाण्यात किंवा रत्नागिरीत पंख्याखाली दुधाच्या क्रीमचे गुलाब काढून बघा, तिसऱ्या गुलाबाला पहिला वाकतो. जिलेटिनने आधार देता येतो, पण ‘एगलेस’ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला प्राण्यापासून काढलेलं जिलेटिन कसं चालेल? शिवाय दुधाचं क्रीम दर लिटरला महाग, फुगतं कमी, म्हणजे खर्चाचा फटका दुहेरी.

मधला रस्ता आहे, आणि तो चांगला आहे: 70 भाग नॉन-डेअरी, 30 भाग दुधाचं व्हिपिंग क्रीम. दोन्ही सारखंच थंड करून एकत्र फेटायचं. मेणचटपणा बराच उतरतो, गोडी कमी होते, आणि थर व बाहेरची भिंत नीट धरून राहतात. उंच फुलांसाठी मात्र निव्वळ नॉन-डेअरी. दुधाचा भाग निम्म्यावर नेला की उन्हाळ्यात भरवसा नाही.

फळांच्या बाबतीत या पाकिटाची परीक्षा हापूसच्या दिवसांत होते. कच्चा आमरस थेट कालवला की क्रीम ढिलं पडतं, कारण आपण त्यात पाणी ओततो. रस मंद आचेवर निम्मा होईपर्यंत आटवून पूर्ण थंड करा. 500 ग्रॅम क्रीमला 80 ते 100 ग्रॅम पुरे. ताज्या अननसाचा त्रास वेगळा. त्यातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम प्रथिनं तोडतं, त्यामुळे दुधाच्या क्रीमला काही तासांत कडवट चव येते. 70:30 च्या मिश्रणातही हे होतं. तुकडे साखरेत पाच-सात मिनिटं उकळून निथळून घेतले की प्रश्न मिटतो. रसमलाई केकमध्ये दोष क्रीमचा नसतो, दुधाचा असतो: स्पंजला रबडी पाजताना हात सुटतो आणि दोन तासांनी बोर्डावर तळं साचतं.

रंगाला जेल रंगच. पाण्याच्या रंगाने गडद छटा काढायला गेलं की क्रीम पातळ होतं, आणि काळा तर करडाच राहतो. काळ्यासाठी आधी कोको घालून तपकिरी करायचं, मग काळं जेल. डब्यात झाकून चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवलं की रंग आपोआप गडद होतो. फॉंडंटच्या (साखरेच्या लाटलेल्या थराने झाकलेल्या) केकला मात्र हे क्रीम खाली लावू नये. फॉंडंटमधली साखर त्यातलं पाणी ओढते, पृष्ठभाग चिकट होतो, वजनाने भिंत फुगते. तिथे गनाश: डार्क कंपाउंडला (कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेल्या चॉकलेटला) 2 भाग चॉकलेट, 1 भाग क्रीम, व्हाइटला 3 भाग, 1 भाग.

गाडीचा प्रवास हा टिकाऊपणाचा खरा कस. सजवलेला केक निदान दोन-तीन तास फ्रिजमध्ये बसल्याशिवाय घराबाहेर काढू नये. बोर्डाला खाली क्रीमचा ठिपका, बॉक्सखाली घसरू नये म्हणून रबरी जाळीची चटई. ऊन असेल तर थर्माकोलच्या पेटीत जेल पॅक. एवढं केलं की एसी गाडीत तासभर काही होत नाही. स्कूटरवर भर दुपारी, नाही. (ज्यांना तेही जमत नाही त्यांनी मावा केक विकावा, इराणी बेकऱ्यांनी क्रीमच्या नादी न लागता नाव कमावलं.)

आता पाकिटाची मागची बाजू, जी कुणी वाचत नाही. ‘नॉन-डेअरी’ म्हणजे दूध अजिबात नाही, असं नव्हे. कित्येक पाकिटांत सोडियम केसिनेट असतं, ते दुधातलंच प्रथिन. व्हेगन केकची ऑर्डर किंवा दुधाची ॲलर्जी असलेलं मूल, दोन्हीकडे ही ओळ तपासल्याशिवाय हो म्हणू नये. दुसरी ओळ ट्रान्स फॅटची, म्हणजे तेल अर्धवट घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीची. 1 जानेवारी 2022 पासून भारतात खाद्यपदार्थांतल्या एकूण तेल-चरबीच्या 2 टक्क्यांपेक्षा जास्त औद्योगिक ट्रान्स फॅट चालत नाही. सुट्या पिशवीत, लेबल नसलेलं स्वस्त क्रीम मिळालं तर ते स्वस्त का आहे हे वेगळं सांगायला नको. आणि हे वापरून मेन्यूवर ‘फ्रेश क्रीम केक’ लिहिणं ही सरळ फसवणूक आहे, शेजारचा दुकानदार तसंच लिहीत असला तरी.

खरेदीला गेलात तर दुकानातला फ्रीझर आधी बघा. झाकणावर बर्फाचे थर आणि आत पाकिटं वेडीवाकडी गोठलेली दिसली, तर माल मध्ये कधीतरी वितळून पुन्हा जमलेला आहे. पाकीट कडक, चौकोनी, कोपरे शाबूत हवं. कानाशी हलवल्यावर आत पाणी वाजत असेल तर परत ठेवा. तारीख पाहून घ्या, आणि घरी नेईपर्यंत थंड राहील अशी पिशवी सोबत न्या, कारण दुकानदार देतो ती साधी कॅरीबॅग.