जुळे सोलापूरमधील दोन दिवसांची रॉकेट कार्यशाळा: एका पालकाचा अभिप्राय

मे महिन्याच्या सुट्टीत जुळे सोलापूरमधील एका शाळेच्या सभागृहात मुलांसाठी रॉकेट आणि अंतराळप्रवास या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा झाली. माझी मुलगी यंदा सातवीत जाईल. पालकांना मागच्या बाकांवर बसण्याची मुभा असल्यामुळे मी दोन्ही दिवस पूर्ण वेळ हजर होते. शुल्क प्रत्येकी 800 रुपये होते आणि त्यात साहित्याचा संच, छापील पुस्तिका व नाश्ता धरलेला होता.

पहिला दिवस साउंडिंग रॉकेटसाठी, म्हणजे उपकरणे घेऊन सरळ वर जाऊन परत येणाऱ्या छोट्या रॉकेटसाठी, ठेवल्याबद्दल आयोजकांचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण रॉकेट म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे थेट चांद्रयानच उभे राहते. या नावाचा आवाजाशी काही संबंध नाही. विहिरीला पाणी किती आहे हे पाहण्यासाठी आपल्याकडे दोराला दगड बांधून सोडतात, त्याचप्रमाणे खलाशी शिसे बांधलेला दोर समुद्रात सोडून खोली मोजत आणि त्या मोजणीला साउंडिंग म्हणत, हे मार्गदर्शक सरांनी सुरुवातीलाच सांगितले. मग त्यांनी फळ्यावर खालून वर एक उभी रेघ ओढली. तिच्या तळाशी त्यांनी सोलापूर लिहिले, त्यावर ढगांची उंची दाखवली आणि 2018 व 2019 च्या पावसाळ्यांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ज्या ढगांत बीजारोपणाचे, म्हणजे पाऊस वाढवण्यासाठी ढगांत क्षारांचे कण सोडण्याचे, प्रयोग केले ते आपल्याच भागावरचे होते, याची आठवण करून दिली. विमान ढगांपर्यंत पोहोचते, संशोधनाचे फुगे साधारण 40 किलोमीटरपर्यंत जातात आणि 200 किलोमीटरच्या खाली उपग्रह फार काळ टिकत नाही. मधल्या पट्ट्यात उपकरणे नेऊन प्रत्यक्ष मोजमाप घ्यायचे असेल, तर सरळ वर जाऊन काही मिनिटांत खाली येणारे हे छोटे रॉकेटच कामाला येते.

थुंब्याची गोष्टही त्याच ओघात आली. भारतातून पहिले साउंडिंग रॉकेट 21 नोव्हेंबर 1963 रोजी तेथून उडाले. ते अमेरिकन बनावटीचे नाइके-अपाची होते. केरळच्या किनाऱ्यावरचे ते कोळ्यांचे गाव निवडण्याचे कारण म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे मोकळी टांगलेली चुंबकसुई जिथे जमिनीला समांतर राहते ती रेषा, त्याच्या जवळून जाते आणि त्या रेषेवर 100 किलोमीटरच्या थोड्या वर विजेचा एक प्रवाह वाहतो, ज्याचा अभ्यास इतर ठिकाणांहून इतका चांगला करता येत नाही. आपल्या रोहिणी मालिकेतील आरएच-200 या रॉकेटच्या नावातील आकडा म्हणजे त्याचा मिलिमीटरमधील व्यास, हे सांगून सरांनी कार्डशीटची 20 सेंटिमीटर व्यासाची, साडेतीन मीटर उंचीची नळी भिंतीला टेकवून उभी केली. मुलांनी एकेक करून तिला कवेत घेऊन पाहिले. एवढ्याशा वस्तूने 10 किलोची उपकरणे 80 किलोमीटर वर जातात, हे त्यांना आकड्यापेक्षा त्या मिठीतून अधिक कळले असावे.

कार्यशाळेतील सर्वांत मोलाचा प्रयोग मात्र दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत झाला. बुडाशी भोक पाडलेली पाण्याची बाटली सरांनी हातात धरली तेव्हा धार लागलेली होती. बाटली सोडून देताच ती खाली पोहोचेपर्यंत धार पूर्ण थांबली. मुलांनी हा प्रयोग चार वेळा करायला लावला. पडत असलेल्या वस्तूत वजन जाणवत नाही, आणि इंजिन विझल्यावर विरळ हवेत साउंडिंग रॉकेट वर चढत असतानाही ते खऱ्या अर्थाने पडतच असते, हे यानंतर वेगळे समजवावे लागले नाही. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरील अंतराळ स्थानकावरही पृथ्वीचे ओढणे जमिनीवरच्या सुमारे 90 टक्के असते. ते स्थानक ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने आडवे धावत असल्यामुळे पडूनही जमिनीवर येत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तरे होती. साउंडिंग रॉकेटसारखे नुसते वर जाऊन परत येणे माणसाला जमेल का, या प्रश्नावर सरांनी 1961 मधील दोन उड्डाणे शेजारी शेजारी मांडली: युरी गागारिन यांनी 108 मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घातली, तर ॲलन शेपर्ड सुमारे 187 किलोमीटर वर जाऊन 15 मिनिटांत समुद्रात उतरले. माझ्या मुलीने विचारले, “सर, अंतराळात शेंगा चटणी नेता येईल का?” सरांनी हा प्रश्न इतरांइतक्याच गांभीर्याने घेतला. कोरडी पूड हवेत तरंगून डोळ्यांत आणि यंत्रांत जाते, म्हणून तेथे मीठ पाण्यात विरघळवून आणि मिरपूड तेलात घालून देतात. त्यामुळे चटणी तेलात चांगली कालवून न्यावी लागेल आणि कडक भाकरी मात्र तुकडे उडत असल्यामुळे इथेच ठेवावी लागेल, असे त्यांनी सांगितले. 2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी गाजराचा हलवा नेला होता, तो ओलसर आणि चिकट असल्यामुळे चालला, हेही मुलांना लगेच पटले. शौचालयाच्या प्रश्नावर हसू झाले, पण हवेच्या झोताने मैला ओढून घेणारी यंत्रणा आणि लघवीपासून पुन्हा पिण्याचे पाणी करण्याची पद्धत त्यांनी संकोच न करता समजावली.

दोन गोष्टींबद्दल माझी तक्रार आहे. बाटलीची पाण्याची रॉकेटे भर दुपारी एक वाजता मैदानावर उडवायला लावली. सोलापूरच्या मेमधील दुपार ज्यांना ठाऊक आहे त्यांनी असे वेळापत्रक करायला नको होते. दोन मुलांना उन्हाचा त्रास होऊन सावलीत बसवावे लागले. संचातील प्लास्टिकच्या पिशवीची हवाई छत्री उष्णतेने घडीला चिकटून बसल्यामुळे बहुतेकांच्या बाटल्या तशाच आदळल्या. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर “अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते” असे ठळक छापले आहे, म्हणजे गॅलरीतील प्रयोगाने जे उलगडले ते घरी नेलेल्या कागदाने पुन्हा पुसले. मुले वर्गातले विसरतात आणि छापलेले पाठ करतात, म्हणून मला हे खटकले.

पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीत आहे. मुलांना अवश्य पाठवावे, मात्र उड्डाणाचा तास सकाळी ठेवला आहे का हे नाव नोंदवताना विचारून घ्यावे. तिसऱ्या पानावरचे वाक्य मी मुलीच्या प्रतीत पेन्सिलीने दुरुस्त केले आहे आणि आयोजकांना लेखी कळवले आहे. दिवाळीपूर्वी ते पान नव्याने छापू, असे उत्तर त्यांच्याकडून आले आहे.