युरी ऑन आइस: प्रेमाला पूर्ण मार्क, पण त्या पंधरा वर्षांच्या पोराचं काय

फिगर स्केटिंग आणि क्वीअर प्रेमकथा या दोन्ही गोष्टींचं वेड असलेल्या माणसाला युरी ऑन आइस बघितली का असं विचारायचीच गरज नसते, बघितलेली असतेच, आणि एकदा नाही. मीही ती परत परत बघणाऱ्यांतलीच. पण यावेळी बघताना दोन वेगळ्याच सिरीज दिसल्या मला, एक जिच्यावर माझा अजूनही तितकाच जीव आहे आणि दुसरी जी बघताना पोटात कालवायला लागलं, त्यामुळे म्हटलं नीट रिव्ह्यू लिहावा, कारण नवीन बघणाऱ्यांना सगळे फक्त "क्यूट आहे, बघ" एवढंच सांगतात.

आधी माहिती. जपानी अ‍ॅनिमे आहे, 2016 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आली, माप्पा स्टुडिओची, दिग्दर्शन सायो यामामोतोचं आणि लेखन मित्सुरो कुबोचं. 12 एपिसोड, सगळे मिळून पाच तासांच्या आत संपतात. जपानीत इंग्लिश सबटायटल्स लावून बघा, डबिंग आहे पण मूळ आवाजातली धाप, अडखळणं, रडं ते सगळं ऐकायलाच हवं. स्केटिंगचे प्रोग्राम केन्जी मियामोतो या खऱ्या कोरिओग्राफरने बसवलेत त्यामुळे हात कुठून वळतो, जंपच्या आधी खांदा कसा बंद होतो हे ओळखू येतं. मधल्या काही एपिसोडमध्ये चित्रं घाईत काढल्यासारखी वाटतात, लांबच्या शॉटमध्ये चेहरे वितळतात, तेवढं चालवून घ्यायचं.

गोष्ट अशी की युरी कात्सुकी हा 23 वर्षांचा जपानी स्केटर ग्रँड प्री फायनलमध्ये शेवटचा येतो, खचतो, पाच वर्षांनी आपल्या गावी आईवडलांच्या गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या लॉजमध्ये परत येतो, आणि तिथे एक दिवस त्याचा आयुष्यभराचा आदर्श, रशियाचा विक्टर निकिफोरोव, 27 वर्षांचा जगज्जेता, थेट येऊन म्हणतो मी तुझा कोच. पुढचा सीझन म्हणजे बाकीची सिरीज. ग्रँड प्रीची पद्धत पण बरोबर दाखवलीय, सहा स्पर्धा, एकाला जास्तीत जास्त दोन, आणि गुणांनुसार वरचे सहा जण फायनलला, ती इथे बार्सिलोनात.

आता प्रेमाबद्दल. मी स्वतः क्वीअर आहे आणि मराठीत वाढले, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या गोष्टीचा शेवट काय असतो हे मला फार लवकर कळलं होतं. तेंडुलकरांचं मित्राची गोष्ट 1981 मध्ये रंगमंचावर आलं, त्या काळात ते लिहिणं आणि करणं ही केवढी हिंमत होती ते मला मान्य आहे आणि त्या नाटकाबद्दल आदरच आहे, पण त्यातली बाईवर प्रेम करणारी मित्रा शेवटी जीव देते. पुढे जे जे वाचलं बघितलं त्यातही बहुतेक ठिकाणी कोणीतरी मरतं, नाहीतर लग्न करून मोकळं होतं, नाहीतर एसटीत बसून गाव सोडतं. आणि मग ही सिरीज, जिच्यात दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करतात आणि कोणीही, म्हणजे अक्षरशः कोणीही, त्यावर तोंड वाकडं करत नाही. आई नाही, गावातले नाहीत, प्रतिस्पर्धी नाहीत, कॉमेंटेटर नाहीत. दहाव्या एपिसोडमध्ये बार्सिलोनात ते दोघं अंगठ्या घालतात आणि थायलंडचा फिचित, युरीचा मित्र, रेस्टॉरंटमध्ये सगळ्यांना ओरडून सांगतो की माझ्या दोस्ताचं लग्न झालं, आणि आजूबाजूची अनोळखी माणसं टाळ्या वाजवतात. तो सीन मी दरवेळी थांबवून पुन्हा बघते. टाळ्या वाजवणारी ती माणसं गोष्टीत कोणीच नाहीत, त्यांना नावं नाहीत, तरी तीच मला सगळ्यात जास्त हवीहवीशी वाटतात.

आणि सातवा एपिसोड. चायना कप, म्हणजे त्या सहांपैकी एक स्पर्धा, फ्री स्केटच्या, म्हणजे दुसऱ्या, मोठ्या प्रोग्रामच्या आधी युरीची झोप उडालेली, भीतीने थरथरतोय, विक्टर त्याला खाली पार्किंगमध्ये घेऊन जातो आणि धक्का दिला की सावरेल असं समजून म्हणतो की पोडियमवर आला नाहीस तर मी कोच म्हणून राजीनामा देईन. युरी रडायला लागतो. विक्टर गडबडतो, त्याला समोरचा रडला की काय करायचं तेच येत नाही, विचारतो काय करू, किस करू का. आणि युरी ओरडतो की नाही, काही बोलू नकोस, मी जिंकेन एवढा विश्वास ठेव आणि फक्त जवळ उभा राहा. मला हा सीन त्यानंतरच्या त्या प्रसिद्ध किसपेक्षाही मोठा वाटतो. त्या किसवर लोकांनी किती वाद घातले, मध्ये हात आला, ओठ दिसले नाहीत, मग तो खरा की नाही वगैरे. अरे त्याच्या पाच मिनिटं आधी एका माणसाने दुसऱ्याला मला काय हवंय ते स्पष्ट सांगितलंय आणि दुसऱ्याने ते ऐकलंय, अजून काय पुरावा हवा प्रेमाचा.

कोच आणि शिष्य यांचं प्रेम, हे पटतं का असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय आणि प्रश्न अगदी रास्त आहे. कारण खऱ्या स्केटिंगमध्ये या नात्याच्या आडून काय काय झालंय ते आपल्याला माहीत आहे. फ्रान्सची सारा अबितबोल, पेअर्समधली, म्हणजे जोडीने स्केटिंग करणारी, वर्ल्ड मेडलिस्ट, तिने 2020 मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की ती 15 वर्षांची असताना तिच्या कोचने तिच्यावर लैंगिक अत्याचार केले, आणि ते बाहेर आल्यावर फ्रेंच फेडरेशनच्या अध्यक्षांना, दिदिए गेलाग्वे यांना, खुर्ची सोडावी लागली. म्हणून मी युरी आणि विक्टरकडे बारकाईने बघते. दोघंही सज्ञान, युरी त्याला नाही म्हणू शकतो आणि म्हणतो, त्याच्यावर चिडतो, नवव्या एपिसोडमध्ये तर तोच विक्टरला म्हणतो की मी रिटायर होईपर्यंत माझा कोच राहा. नात्याची दोरी एकाच्याच हातात नाहीये. म्हणून मला पटतं.

इथपर्यंत पाचपैकी पाच. आता ते दुसरं.

दुसऱ्या एपिसोडमध्ये विक्टर युरीला डुकराचं पिल्लू म्हणतो. पोटाला हात लावून. वजन कमी होईपर्यंत बर्फावर पाय ठेवायचा नाही, आणि त्याच्या आवडीचं कात्सुदोन, म्हणजे भातावर तळलेलं डुकराचं मांस आणि अंडं, आईच्या हातचं, ते फक्त जिंकल्यावर मिळणार. सगळं विनोदी पार्श्वसंगीत लावून. युरी टेन्शन आलं की खातो हे सिरीज स्वतःच सांगते, म्हणजे दुखणं तिला दिसलंय, आणि तरी त्याच्यावर हसते. मला हसू येत नाही. अ‍ॅडम रिपन, 2018 च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये उघडपणे गे म्हणून उतरलेला आणि टीम ब्राँझ घेऊन आलेला, त्याने त्याच वर्षी सांगितलं की एके काळी तो दिवसाला ब्रेडच्या तीन स्लाइस आणि कॉफी यावर दिवस काढत होता. युलिया लिपनित्स्काया, 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये 15 वर्षांची रशियन, लाल कपड्यातली ती मुलगी जिची स्पिन बघून जग वेडं झालं होतं, ती 2017 मध्ये खाणं तोडायला लावणाऱ्या आजारामुळे, म्हणजे अ‍ॅनोरेक्सियामुळे निवृत्त झाली. एकोणीस वर्षांची! ज्या खेळात जेवण हे बक्षीस आणि उपास हे कर्तव्य असतं त्या खेळावरच्या गोष्टीत कात्सुदोनचा जोक मला आता गिळवत नाही.

आणि मग दुसरा युरी, युरी प्लिसेत्स्की. 15 वर्षांचा, रशियाचा, सीनियरमधलं पहिलंच वर्ष. सगळ्यांना तो त्याच्या शिव्यांसाठी आणि वाघबिबट्यांच्या कपड्यांसाठी आवडतो, मलाही आवडतो, आजोबांवर त्याचा जो जीव आहे तो बघून कोणाचंही काळीज हलेल. आजोबा त्याच्यासाठी पिरोश्कीमध्ये, म्हणजे सारण भरलेल्या रशियन पावात, कात्सुदोन भरून आणतात तो प्रसंग तर सिरीजमधल्या सगळ्यात गोड प्रसंगांपैकी एक. पण त्याच्याभोवतीची मोठी माणसं बघा. कोच याकोव त्याची शिकवणी लिलियाकडे देतो, ती बोल्शॉय या रशियन बॅले थिएटरमधली जुनी बॅले सम्राज्ञी, तिला त्याच्याकडून सगळं पाहिजे, पूर्ण समर्पण, आणि पोरगा म्हणतो घ्या. त्याला माहीत आहे की आपलं शरीर लवकरच वाढणार आणि हा हलकेपणा जाणार, म्हणून जे काय जिंकायचं ते आत्ताच. सिरीज हे सगळं वीररसात दाखवते. आणि शेवटी सोनं त्यालाच मिळतं, अगदी थोड्या फरकाने.

2016 मध्ये हे बघताना अंगावर काटा यायचा, चांगल्या अर्थाने. मग 2022 चं बीजिंग ऑलिंपिक आलं. रशियाची कामिला वालियेवा, तीही 15 वर्षांची. टीम इव्हेंट झाल्यावर कळलं की डिसेंबर 2021 मध्ये घेतलेल्या सॅम्पलमध्ये ट्रायमेटाझिडीन सापडलंय, हे हृदयविकाराचं, खेळाडूंना बंदी असलेलं औषध. तिला खेळू दिलं, शॉर्टमध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या प्रोग्राममध्ये, ती पहिली आली, आणि 17 फेब्रुवारीला फ्री स्केटमध्ये ती पडली, परत पडली, एकूण चौथी आली. बर्फावरून बाहेर येणाऱ्या त्या मुलीला कोच एतेरी तुतबेरीद्झे यांनी आधी जवळ घेतलं नाही, आधी विचारलं की लढणं का सोडलंस. ते कॅमेऱ्यात आलं, सगळ्या जगाने बघितलं, ऑलिंपिक कमिटीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख यांनासुद्धा तो थंडपणा बघून शहारा आला म्हणे. बाजूला तिच्याच टीममधली, रौप्य जिंकलेली ट्रुसोवा, एका प्रोग्राममध्ये पाच क्वाड, म्हणजे हवेत चार फेऱ्यांच्या उड्या, मारलेली, रडून सांगत होती मला हा खेळ नकोसा झालाय, आणि सुवर्ण जिंकलेली श्चेरबाकोवा टेडी हातात धरून एकटीच बसलेली. तीन मुली, आणि मोठं माणूस एकही धड जवळ नाही.

शेवटी 2024 च्या जानेवारीत वालियेवावर चार वर्षांची बंदी आली. त्या मुलीवर. पंधरा वर्षांच्या मुलीच्या पोटात औषध गेलं कसं, कोणी दिलं, याचा पुरता छडा कधी लागलाच नाही.

यामागचं गणित साधं आहे आणि फार निष्ठुर आहे. हवेत चार फेरे मारायला शरीर अरुंद आणि हलकं लागतं, ते वयात येण्याआधी सोपं जातं, नितंब रुंदावले, वजन वाढलं की फेरा पुरा होत नाही. म्हणजे तेरा ते सोळा एवढीच खिडकी, मग पुढची मुलगी. आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनने बीजिंगनंतर जून 2022 मध्ये सीनियरचं किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 वर नेलं, चांगलंच केलं, पण ज्युनियरमध्ये तीच मुलं तेच क्वाड मारतायत, तिथे कोणाचं लक्ष आहे?

म्हणून आता प्लिसेत्स्की बर्फावर कोसळून धापा टाकतो तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत, मला त्याला उचलून घरी न्यावंसं वाटतं. लेखिका क्रूर आहे असं मी म्हणत नाही, उलट कुबो आणि यामामोतो दोघींना स्केटर्सबद्दल केवढी माया आहे हे फ्रेमफ्रेममधून कळतं, म्हणून तर मोठ्या युरीच्या भीतीला त्यांनी इतकं हळुवार हाताळलंय. त्याला म्हणायला मिळतं की माझ्या जवळ उभा राहा. लहान युरीला ते म्हणायला कोणी शिकवलेलंच नाही, आणि सिरीजच्या ते लक्षात येत नाही. माझी तक्रार एवढीच आहे पण ती मोठी आहे. दोन सज्ञान पुरुषांच्या प्रेमासाठी ज्यांनी अख्खं जग बदलून दाखवलं, तिरस्कार नावाची गोष्टच पुसून टाकली, त्यांना मुलांना न पिळणारं स्केटिंगसुद्धा कल्पता आलं असतं ना. एक कल्पना केली तशी दुसरी.

पुढच्या सिनेमाची घोषणा झाली होती, आइस अ‍ॅडोलेसन्स नावाने, आम्ही वर्षानुवर्षं वाट बघितली आणि 2024 च्या एप्रिलमध्ये तो रद्द झाला. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. म्हणजे आपल्याकडे आहेत ते हे 12 एपिसोडच.

रेटिंग द्यायचंच तर पाचपैकी चार. क्वीअर असाल आणि अजून बघितली नसेल तर आज रात्रीच सुरू करा, पहिल्या एपिसोडला थोडा दम धरा. जेवणाशी, वजनाशी ज्यांचं भांडण चालू आहे त्यांनी पहिले दोन एपिसोड कोणालातरी सोबत घेऊन बघा किंवा सरळ तिसऱ्यापासून सुरू करा, गोष्ट कळते. घरातली दहाबारा वर्षांची पोरं बघणार असतील तर शेजारी बसा, कारण प्लिसेत्स्की त्यांना हिरो वाटणार आणि तेव्हा बोलायला मोठं कोणीतरी हवं.

आणि संपली की यूट्यूबवर अमेरिकेच्या अलिसा लिऊचा 2025 चा बोस्टनचा वर्ल्ड चॅम्पियनशिपचा फ्री स्केट लावा. ही मुलगी 16 व्या वर्षी ऑलिंपिक खेळून, वर्ल्डचं ब्राँझ घेऊन, बास म्हणून निघून गेली होती, दोन वर्षांनी स्वतःच्या अटींवर परत आली आणि 19 व्या वर्षी जगज्जेती झाली, डोना समरच्या गाण्यावर, हसत हसत. तिच्याच टीममधली अँबर ग्लेन, उघडपणे पॅनसेक्शुअल, म्हणजे लिंग न बघता प्रेम करणारी, 2024 मध्ये चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा अमेरिकेची चॅम्पियन झाली. या दोघींसारख्या स्केटरची गोष्ट कोणी अ‍ॅनिमेत आणली तर मी पहिल्या दिवशी पैसे भरून बघेन.