जुन्या ईकोचा कॅम्पर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

जुनी व्हॅन घ्यायची म्हटलं की जो तो विचारतो, इंजिन कसं आहे? कॅम्पर, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी गाडी, करायचा असेल तर हा प्रश्न मी बराच खाली ठेवीन. पहिला प्रश्न पत्र्याचा. जुन्या मारुती ईकोचं ११९६ सीसीचं पेट्रोल इंजिन तालुक्याच्या गावातलं गॅरेजही खोलून देतं आणि पार्टही मिळतात. सडलेल्या पत्र्यावर मात्र तुम्ही इन्सुलेशन चिकटवणार, वर प्लाय ठोकणार, आणि मग आतला गंज वाढत गेला तरी तुम्हाला दिसणार नाही.

आम्ही २०१४ ची, पाच सीटची, साधी पेट्रोल गाडी घेतली. सीएनजी नको होतं, कारण टाकी मागची जागा खाते. आधी ओम्नी डोक्यात होती. ती २०१९ मध्ये बंद झाली, जुनी स्वस्तात मिळते. पण ईको तिच्यापेक्षा १५ सेंटिमीटरहून जास्त उंच आहे, आणि खाटेखाली खोके ठेवून वर मांडी घालून बसलं की हा फरक मानेला लगेच कळतो. मोठी ट्रॅव्हलर व्हॅन आवडली होती, पण आमच्या गल्लीत ती वळणारच नाही.

गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक आणि टॉर्च ठेवा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पुट्टी भरलेली असते. मॅट उचलून जमीन बघा, चाकांच्या कमानी आतून चाचपा, मागचं सस्पेन्शन जिथे गाडीला खालून जोडलेलं असतं तिथे टॉर्च मारा. स्लायडिंग दरवाजाची पट्टी तर बघाच. शाळेच्या मुलांची ने-आण केलेल्या गाडीचा दरवाजा हमखास ढिला झालेला असतो. किनाऱ्यावर वापरलेल्या चकचकीत गाड्या आम्ही खालून बघितल्या आणि सोडल्या. शेवटी घेतली ती देशावरची: रंग उडालेला, बंपरला पोचा, पण जमीन खणखणीत. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी जुने टायर बदलायचा खर्च भावातून कापून घ्या.

कागदांचं थोडक्यात. पांढऱ्या पाटीचीच गाडी घ्या, पिवळीची पांढरी करायला हेलपाटे पडतात. कर्जाचा बोजा उतरवलेला हवा, त्याचा फॉर्म ३५. नाव बदलायला २९ आणि ३०. पंधरा वर्षं झाली की फिटनेस तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणजे आमची गाडी २०२९ ला पुन्हा आरटीओच्या दारात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, म्हणून छत कापणं वगैरे हौस आम्ही टाळली. खाट सीटच्याच बोल्टांच्या भोकांवर बसवली आहे, पान्याने सुटते. मागचा बाक काढून फिरण्याबद्दलही आधी आरटीओत आणि विमावाल्यांकडे विचारून घ्या.

आता वापराबद्दल. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे एप्रिलमध्ये घाट चढून मुक्कामी पोचलात की गाडी आतून बराच वेळ गरम राहते. आम्ही दिवस मावळायच्या आत पोचतो, सगळे दरवाजे उघडतो आणि बाहेरच जेवतो. सामान भरून आंबोलीला दुसऱ्या गिअरवर चढावं लागतं, पण ताकद मागच्या चाकांना मिळते आणि वजनही मागेच, त्यामुळे ओल्या चढावर चाकं घसरली नाहीत. पॉवर स्टिअरिंग नाही. पार्किंग करताना दंडाचा व्यायाम होतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. दोन माणसांच्या श्वासाने सकाळी काचांवरून पाणी ओघळतं, आणि तेच पाणी पत्र्याच्या आतल्या बाजूलाही सुटतं. इन्सुलेशनला काचलोकर (ग्लासवूल) स्वस्त असते, पण ती हे पाणी धरून ठेवते. आम्ही एसीच्या पाइपांना लावतात ती नायट्राइल रबरची शीट चिकटवली होती. पावसाळ्यानंतर एक पॅनल मुद्दाम उघडून बघितलं, आत कोरडं होतं. तरी काच दोन बोटं उघडी, जाळी आणि छोटा पंखा याला पर्याय नाही. मागच्या दरवाजाचं रबर वयामुळे कडक झालेलं होतं, तिथून पाणी यायचं. रबर बदलल्यावर थांबलं.

वीज १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर, म्हणजे साधारण १२८० वॉट-तास. पंखा, दिवे आणि फोन यांना ती पुरून उरते. ४५ वॉटचा छोटा फ्रिज निम्मा वेळ चालला तरी दिवसाला ५०० वॉट-तासांच्या वर खातो, त्यामुळे आम्ही बर्फाच्या डब्यावरच आहोत. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीला लगेच फ्यूज हवाच. शेगडी मागचा दरवाजा वर करून त्याच्या आडोशाला, कायम बाहेर. काचा लावून आत शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

उंची साडेपाच फुटांहून जास्त असेल तर टोकन द्यायच्या आधी मागे आडवे पडून बघा. विकणारा हसेल, हसू द्या.