शॉटकट आणि डीव्हीडीस्टायलर: सप्ताहाच्या कीर्तनांवर नऊ महिने वापरून

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेडच्या बाजूला. दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो आणि सातही दिवसांच्या कीर्तनांचं शूटिंग माझ्याकडे असतं. यूट्यूबला टाकतोच, पण गावात कितीतरी घरांत अजून डीव्हीडी प्लेअर चालू आहेत. डिस्क घालायची, एक बटण दाबायचं, एवढं म्हाताऱ्या माणसांना जमतं. माझी आत्या दुपारी काल्याचं कीर्तन लावून वाती वळत बसते. तिच्या टीव्हीवर ते नीट दिसलं-ऐकू आलं पाहिजे, हीच माझी कसोटी.

आधी पैसे देऊन घेतलेलं एक सॉफ्टवेअर होतं. दोन तासांचं कीर्तन टाकलं की ते गपगार व्हायचं. म्हणून नऊ महिन्यांपूर्वी एडिटिंगसाठी शॉटकट आणि डिस्क बनवायला डीव्हीडीस्टायलर घेतलं. दोन्ही फुकट. कॉम्प्युटर साधाच, आठ जीबी रॅमचा. शॉटकटमध्ये प्रॉक्सी चालू केली की मूळ फुटेजची छोटी प्रत तयार होते, कापाकापी तिच्यावर करायची आणि शेवटचा एक्स्पोर्ट, म्हणजे तयार फाइल, मूळ फुटेजमधूनच निघतो. त्यामुळे जुन्या मशीनवरही काम पळतं.

पहिला मोठा घोळ आवाजाचा. एक कॅमेरा व्यासपीठासमोर आणि दुसऱ्या बाजूनं मोबाइल. सुरुवातीला दोन्ही तंतोतंत जुळवले, पण तासाभरानं मोबाइलच्या चित्रात टाळ मिटायचे आधी आणि झणत्कार यायचा मागून. आमच्या मृदंगवाल्यानं बघितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, माझी थाप आधी पडायलीय अन् आवाज मागून यायलाय." मी चार रात्री आवाज तोडून तोडून सरकवत बसलो. खरं कारण फुटेजमध्ये होतं. मांडवात उजेड कमी पडला की मोबाइल फ्रेम, म्हणजे सेकंदाला टिपायची चित्रं, कमी-जास्त करतो, सेकंदाला ठरलेल्या ३० फ्रेम राहत नाहीत. अशी फाइल उघडली की शॉटकट स्वतःच विचारतं, एडिटिंगला सोयीच्या स्वरूपात बदलून देऊ का? मी तो प्रश्न घाईत बंद करत होतो. आता 'हो' म्हणतो, बदललेली फाइलच टाइमलाइनवर घेतो, आणि टाळ जागेवर वाजतात.

कॅमेऱ्याचीही एक खोड आहे. लांब रेकॉर्डिंगचे तो तुकडे करतो, आणि ते वेगवेगळे आणून शेजारी लावले की जोडावर आवाज क्षणभर तुटतो. नेमका अभंगाच्या चालीत तुटला तर कानाला फार लागतं. तुकडे एडिटिंगच्या आधीच एकामागे एक चिकटवून एक सलग फाइल करायची. कॅमेऱ्याच्या एमटीएस (.mts) फाइली असतील तर विंडोजच्या साध्या कॉपी कमांडनं, तिच्यापुढे '/बी' हा पर्याय लावून (copy /b), हे होतं; एमपी४ फाइली मात्र अशा जोडता येत नाहीत.

तिसरी अडचण फक्त टीव्हीवर दिसली. कॉम्प्युटरवर सगळं छान, पण आत्याच्या टीव्हीवर महाराजांनी हात वर केला की हात मागं-पुढं थरथरायचा. कॅमेरा १०८०, ५०आय, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत येतं, आणि त्यात वरची ओळ आधी. माझी सेटिंग मात्र जुन्या मिनीडीव्ही टेपच्या काळातली, खालची ओळ आधी. एक्स्पोर्टमध्ये 'टॉप फील्ड फर्स्ट' केलं आणि थरथर गेली. शूटिंगच प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सगळ्या ओळी एकदम टिपणारं, असेल तर हा प्रश्नच येत नाही, म्हणून या वर्षी कॅमेऱ्यातच ते बदलणार आहे. त्याच टीव्हीवर कडेला लिहिलेली अन्नदात्यांची नावं अर्धी कापली गेली होती. ज्यानं पंगत दिली त्याचं नाव कापलं जाणं बरं दिसत नाही. चारही बाजूंनी दहा टक्के जागा सोडूनच अक्षरं ठेवा.

आपल्याकडची डीव्हीडी पाल पद्धतीची: ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, एमपेग-२, आवाज ४८ किलोहर्ट्झ. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा जातो ते, डोळे झाकून ठेवू नका. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास बसवायचे तर चित्र-आवाज मिळून सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट एवढीच जागा मिळते. मी चित्राला ४.८ देतो, आवाजाला ०.२२४, बाकीची जागा मेनूला. चित्राची कमाल मर्यादा ९.८ आहे, पण तिच्या जवळ गेलं की जुने प्लेअर अडखळतात.

डीव्हीडीस्टायलर दिसायला जुनाट आहे, पण काम चोख करतं. तयार एमपेग-२ फाइल दिली की व्हिडिओच्या गुणधर्मांत 'कॉपी' निवडा, नाहीतर तेच चित्र परत एन्कोड होतं (नव्यानं दाबून बनतं), वेळही जातो आणि स्पष्टपणाही. मेनूची मराठी अक्षरं मी आधी चित्रात लिहून घेतो आणि ते चित्र मागं लावतो. आधी फक्त फोल्डर बनवून व्हीएलसीमध्ये बघतो, मग पुन्हा पुसता येणाऱ्या एका डिस्कवर घालून आत्याकडे नेतो. तिनं 'दिसतंय रे' म्हटलं की बाकीच्या प्रती, डीव्हीडी-आर वर, ४एक्सच्या वेगानं.

लाइटचं सांगायला नको. शॉटकट प्रोजेक्ट आपोआप जतन करतं, उघडलं की जिथं होतो तिथून मिळतं. एक्स्पोर्ट मात्र मध्येच तुटला तर पहिल्यापासून. इन्व्हर्टर नसेल तर रात्री लावू नका.

आणि डिस्का पत्र्याच्या दुकानात ठेवू नका. लिहिता येणाऱ्या डिस्कमधला रंगाचा थर उन्हानं आणि उष्णतेनं बिघडतो, आणि आपल्याकडचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे. मूळ एमपेग फाइली मी दोन हार्ड डिस्कवर ठेवतो, एक घरी आणि एक देवळाच्या कपाटात.