एलजीबी स्टाइन्झ स्टार्टर सेट: इंजिन पक्के, वर्तुळ अरुंद

बागेत नॅरोगेज रेल्वे उभारायची म्हटली की एलजीबीचे नाव सगळ्यांत आधी निघते. न्यूर्नबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये ही मालिका आणली. नावातली तीन अक्षरे म्हणजे ‘लेहमान ग्रोस बान’, अर्थात लेहमानची मोठी रेल्वे. २००७ पासून हा ब्रँड मेर्कलिनकडे आहे. स्टार्टर सेट बरेच निघतात. इथे ज्यात स्टाइन्झ हे चार चाकी वाफेचे इंजिन येते, तो सेट पाहू. पेटीत इंजिन, दोन-तीन डबे, १२ वळणाचे रूळ, अ‍ॅडॉप्टर, वेग कमी-जास्त करायचा कंट्रोलर आणि जोडवायरी एवढा ऐवज असतो. डबे प्रवासी की मालाचे, हे सेटनुसार बदलते.

आधी इंजिन, कारण या पेटीत खरा दाम त्याचाच आहे. मूळ इंजिन लिंझच्या क्राउस कारखान्याने १८९२ साली ऑस्ट्रियातल्या श्टायरमार्क प्रांतातल्या स्टाइन्झच्या छोट्या लाइनसाठी बांधले. मॉडेलमध्ये मोटरची ताकद वर्म गिअरमधून, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने फिरणाऱ्या दातेरी चाकातून, आसांना मिळते. त्यामुळे गाडी दमाने सुटते आणि उतारावर सुसाट पळत नाही. वीज चारही चाकांवरून घेतली जातेच, शिवाय पोटाखाली रुळांवर घासत जाणारे दोन स्प्रिंगचे बूट आहेत. एवढ्या आखूड इंजिनाला ते फार उपयोगी पडतात. पॉइंटच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्याच्या, प्लास्टिकच्या भागावर किंवा मातीच्या ठिपक्यावर चाकाचा संपर्क तुटला तरी बूट वीज धरून ठेवतात आणि गाडी अडखळत नाही. एका चाकाला रबरी टायर असतो, तो पकड वाढवतो. हा टायर आणि ते बूट झिजणारच, आणि दोन्ही सुटे मिळतात. केबिनमधला छोटा स्विच आधी बघून घ्या. तो बंद किंवा फक्त दिव्यावर राहिला, तर नवे कोरे इंजिन हलत नाही आणि माणूस उगाच रूळ तपासत बसतो.

मापाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एलजीबीचे प्रमाण १:२२.५ आणि रुळांमधले अंतर ४५ मिमी. हिशेब केला तर हे मीटर गेज होते. स्टाइन्झची खरी लाइन मात्र ७६० मिमीची, म्हणजे तिचा मॉडेल रूळ जेमतेम ३४ मिमीचा हवा होता. सगळी मॉडेले एकाच रुळावर पळावीत म्हणून कंपनीने हा फरक चालवून घेतला आणि आपणही घ्यावा. पण बार्शी लाइट रेल्वे (७६२ मिमी) किंवा माथेरानची गाडी (६१० मिमी) मापात हुबेहूब करायची इच्छा असेल, तर हा सेट त्या कामाचा नाही. माथेरानसाठी ३२ मिमी रुळावर १:१९ प्रमाण चपखल बसते आणि तो संसार वेगळा मांडावा लागतो.

आता रूळ. भरीव पितळ, उंची ८.४ मिमी, स्लीपर उन्हाला टिकणाऱ्या प्लास्टिकचे. चुकून पाय पडला तरी वाकत नाहीत, पावसात गंजत नाहीत, फक्त काळवंडतात. मालाबद्दल तक्रारीला जागा नाही. अडचण आहे ती वळणाची. पेटीतले १२ तुकडे ‘आर१’ मापाचे, म्हणजे त्रिज्या ६०० मिमी. पूर्ण वर्तुळ साधारण १.३ मीटरच्या चौकोनात मावते. दिवाणखान्यात ते ठीक आहे, पण बागेत कायमचे बसवण्यासाठी ते फार अरुंद आहे. चाकांच्या कडा रुळाला घासत जातात, मोटरवर भार येतो, लांब डबे वळणावर कोपरे बाहेर काढतात, आणि पुढे मोठे इंजिन घेतलेच तर ते तिथून जाईलच असे नाही.

बागेसाठी निदान ‘आर३’ घ्या. त्रिज्या ११७५ मिमी, वर्तुळाला १६ तुकडे, जागा सुमारे २.५ मीटर. जागा थोडी कमी असेल तर ‘आर२’, त्रिज्या ७६५ मिमी, १२ तुकडे. ‘आर५’ची त्रिज्या २३२० मिमी आणि तुकडे २४. त्यावर गाडी फार देखणी दिसते, पण जवळपास ४.८ मीटर मोकळी रुंदी हवी. पॉइंट घेतानाही हाच नियम: आर१चा पॉइंट स्वस्त असतो, पण गाडी नेमकी त्यावरच घसरते. पेटीतले १२ तुकडे वाया जात नाहीत. शेडमागच्या सायडिंगला, म्हणजे गाडी उभी करायच्या बाजूच्या रुळाला, किंवा घरातल्या चाचणीच्या वर्तुळाला ते कामी येतात.

बागेतल्या गाडीचे सुखदुःख रुळाखालच्या पायावर ठरते. सेटसोबतच्या कागदावर याबद्दल पुरेसे नसते, म्हणून इथे सविस्तर. २० सेंमी रुंद आणि १५ सेंमी खोल चर खणा. तळ धुमसाने ठोकून घ्या, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा म्हणजे माती आणि गवत वर येत नाही. मग १० सेंमी १२ मिमीची खडी टाकून पुन्हा ठोका. वरच्या ५ सेंमीत दगडाची कच, २ ते ४ मिमीची. मीटरला साधारण २० लिटर खडी आणि १० लिटर कच लागते, म्हणजे १० लिटरच्या घमेल्याने दोन आणि एक. आर३ची दोन अर्धवर्तुळे आणि दोन-दोन मीटरचे दोन सरळ भाग अशी लाइन ११.४ मीटरची होते. तिला सगळे मिळून सुमारे ३४० लिटर, म्हणजे ढोबळ अर्धा टन माल. नदीची गोल वाळू वापरू नका. तिचे कण एकमेकांत अडकत नाहीत आणि पहिल्या जोरदार सरीत ती स्लीपरखालून निघून जाते. धारदार कडांची कच जागा धरते.

काळ्या मातीत हा पाया पुरत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि रूळ लाटांसारखे वरखाली करते. तिथे ३० सेंमी खणून माती काढून टाका आणि खालचे १५ सेंमी मुरूम भरून, पाणी मारून, ठोकून घ्या. कोकण-गोव्यात जांभ्याचे चिरे सहज मिळतात. त्यांची ३०-४० सेंमी उंच ठेंगणी भिंत बांधून तिच्यावरून लाइन नेली तर पाणी साचत नाही, पालापाचोळा कमी येतो आणि डबे जोडताना गुडघे टेकावे लागत नाहीत. भिंतीत दर दीड-दोन मीटरला पाणी जायला भोक ठेवा. गच्चीवर मांडणार असाल तर स्क्रू अजिबात मारू नका, वॉटरप्रूफिंगला छिद्र पडते. विटांवर सिमेंट शीट आणि त्यावर सुटे रूळ पुरे होतात.

रूळ कचेवर तरंगते ठेवा, सिमेंटमध्ये रुतवू नका. पितळ उन्हात वाढते: १२ मीटरच्या लाइनीत ४० अंशांच्या फरकाने सुमारे ९ मिमी. पहाटेच्या गारव्यात आणि एप्रिलच्या दुपारी तापलेल्या रुळात एवढा फरक सहज पडतो. ३० सेंमीचे तुकडे असतील तर प्रत्येक जोडात पाव मिमीची फट पुरते, १.२ मीटरच्या तुकड्यांना १ मिमी ठेवा. थंड सकाळी रूळ बसवत असाल तर फट न विसरता ठेवा. भर दुपारी बसवत असाल तर जोड जवळजवळ टेकवले तरी चालतील. दोन्ही टोकांना घट्ट पकडलेली लाइन वळणाच्या तोंडाशी बाहेर सरकते.

पाणसळ लांबीत आणि आडवी, दोन्ही बाजूंनी लावा. आडवी तपासणी जास्त महत्त्वाची. डब्याची चौकट ताठ असते, त्यामुळे रुळाला पीळ पडला की चौथे चाक हवेत राहते आणि वळणावर तेच आधी उतरते. तपासायला गाडी चालवायचीही गरज नाही. एक रिकामा डबा रुळावर ठेवा, बोटाने एकेक कोपरा हलकेच दाबत दर अर्ध्या फुटावर पुढे सरकवा. जिथे डबा टकटक डुगडुगतो तिथे स्लीपरखाली चिमूटभर कच सारा, पुन्हा दाबून बघा. चाक उतरण्याच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. उरलेल्यांसाठी चाकांच्या आतल्या पाठींमधले अंतर मोजा, ते सुमारे ४० मिमी हवे.

चढ २ टक्क्यांपर्यंत ठेवा, मीटरला २ सेंमी. ४ टक्क्यांवर इंजिन एकटे जाते, पण तीन-चार डबे लावले की चाक जागीच फिरते. वळणावर चढ देणे शक्यतो टाळा. सपाट आणि चढ यांची गाठ हळूहळू घाला. तिथे एकदम कोन पडला तर एका डब्याचा हुक दुसऱ्याच्या कडीतून वर उचलला जातो आणि मागची गाडी सुटून मागे धावते.

विजेचा भाग सोपा आहे. युरोपचा सेट २३० व्होल्टचा आणि दोन गोल पिनांचा, आपल्याकडे चालतो. अमेरिकेतून आणलेल्या सेटचा अ‍ॅडॉप्टर १२० व्होल्टचा असू शकतो, प्लगमध्ये घालण्याआधी मागचा मजकूर वाचा. अ‍ॅडॉप्टर घरात किंवा कोरड्या पडवीतच ठेवायचा, बागेत फक्त कमी व्होल्टेजची वायर न्यायची. दहा मीटरसाठी दीडची (१.५ चौरस मिमी) तांब्याची वायर पुरते: १ अँपिअरला जेमतेम पाव व्होल्ट पडते. खरी गळती रुळांच्या जोडांत होते. तिथल्या पातळ पत्र्याच्या जॉइनरमध्ये धूळ आणि ओल शिरली की गाडी लांबच्या वळणावर रेंगाळते. जॉइनर बसवतानाच आत ग्राफाइट पेस्ट लावा, दर चार-पाच मीटरला वेगळी वायर जोडा, आणि खर्च परवडत असेल तर जॉइनरच्या जागी स्क्रूने आवळायचे क्लॅम्प घ्या. या सगळ्या खरेदीत क्लॅम्पइतका मोबदला दुसरी कुठलीच वस्तू देत नाही. वायर रुळाला डाखायचा मोह टाळा. जाड पितळ उष्णता ओढून घेते, डाख धरेपर्यंत स्लीपर वितळतो.

दोष कुठे शोधायचा हे मल्टिमीटर सांगतो. गाडी चालू असताना वायरीजवळ आणि लांबच्या टोकाला व्होल्टेज मोजा. फरक २ व्होल्टच्या वर असेल तर मधला एकेक जोड ओलांडून मोजत या, दोषी जोड लगेच सापडतो.

डब्यांना प्लास्टिकची चाके आली असतील तर ती लवकर बदला. त्यांच्यामुळे रुळावर काळा थर चढतो आणि वीज अडते. धातूची चाके रूळ स्वच्छ ठेवतात, शिवाय वजन खाली गेल्याने डबा स्थिर होतो. रूळ पुसायला मऊ घासणी वापरा. खरखरीत पॉलिशपेपरने ओरखडे पडतात आणि घाण त्यांतच बसते. पावसाळ्यात सकाळी रुळावर गोगलगाईचा चिकट माग असतो, आंबा-कडुनिंबाखाली मोहोर आणि पानांचा रस. दोन्हींवर चाक घसरते, ओल्या फडक्याने आधी पुसून घ्या. पावसाची भुरभुर गाडीला सोसते, पण चार महिने उघड्यावर ठेवण्यासारखी ती नाही. रूळ बाहेर राहू द्या, गाडी आत आणा, आसांवर हलक्या तेलाचा एकच थेंब द्या. जास्त तेल धूळ धरते, आणि ते टायरवर गेले की पकड जाते.

लाइन २५-३० मीटरच्या पुढे नेणार असाल, किंवा धूळ-पाला रोजचाच असेल, तर रुळातल्या विजेचा नाद सोडून बॅटरी आणि रेडिओ कंट्रोल विचारात घ्या. चार सेलची लिथियम बॅटरी इंजिनामागच्या डब्यात बसते. मग जोड, पेस्ट, पुसणे हे बरेचसे मागे पडते आणि इंजिन तेच राहते.

नव्या सेटची भारतातली किंमत विक्रेत्यानुसार आणि आयात शुल्कानुसार पुष्कळ बदलते, म्हणून मागवण्याआधी शुल्कासह भाव लेखी घ्या. जुना सेट घेणेही शहाणपणाचे आहे, कारण हे इंजिन दुरुस्त होते आणि रूळ वर्षानुवर्षे टिकतात. घेताना इंजिन उलटे धरून चार गोष्टी बघा: बुटांची जाडी आणि स्प्रिंग, रबरी टायरला चिरा, चाकांवरचा मुलामा उडाला आहे का, आणि कमी व्होल्टेजवर चाके समान फिरतात की झटके देतात. झटके चाके आणि बूट पुसूनही थांबले नाहीत तर गिअर संशयित समजा आणि त्या हिशेबाने भाव पाडा. जुना ट्रान्सफॉर्मर सोबत फुकट मिळाला तरी त्याची केबल कडक होऊन तडकली असेल तर वापरू नका.