मोजणी पास, जाळी पास, बाइंडिंग वायर नापास

ऑगस्टमध्ये एका सकाळी मागचं दार उघडलं तर परसात म्हैस. नव्या कुंपणाच्या आत. जाळी कुठे फाटली नव्हती, खांब सरळ उभे होते, पण चार खांबांमधली जाळी सपशेल लोळत होती. जवळ जाऊन पाहिलं तर जाळी खांबाला बांधलेली तार गंजलेली. चिमटीत धरून पिळली तर तुकडा पडला आणि बोटं तपकिरी झाली. म्हशीने नुसतं अंग घासलं असणार. कुंपण घालून जेमतेम चार महिने झाले होते.

दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटरवर जुनं कौलारू घर आणि भोवतीची 11 गुंठे बिनशेती जागा घेतली. कुंपण 440 फूट, पाच फुटी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेची) जाळी, 10 गेज, दर आठ फुटांवर सिमेंटचा खांब. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड, हे तुम्हाला माहीत असेलच. मला दुकानात कळलं.

आधी मोजणीबद्दल, कारण तिला मी खूप नावं ठेवली होती. खरेदीखताआधी हद्द कायम मोजणी, म्हणजे सरकारी मोजणीने हद्दीच्या खुणा पक्क्या करून घ्या, असं वकीलबाईंनी बजावलं. अर्ज जमीनमालकाच्याच सहीने जातो, त्यामुळे विकणाऱ्यांच्या मागे लागावं लागलं. फी नियमितची 2,000, द्रुतगतीची 8,000. म्हटलं, नियमितच बरी. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत दर एकच, म्हणजे माझ्या 11 गुंठ्यांनाही तेवढेच आणि जवळजवळ 200 गुंठेवाल्यालाही तेवढेच. हे मला अजून पटलेलं नाही. शिवाय तारीख मिळेपर्यंत वाट बघा, लगतधारकांना नोटिसा, वर निशाणीचे दगड, चुना आणि मजूर आपलेच. चांगला तीन बाजूंनी चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत दिसतेय, तिलाच लावून खांब ठोकले तर काय बिघडतं, असं मी मोजणीला आलेल्या भूकरमापकांसमोरच म्हणून बसलो होतो.

रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलवर मोजणारं यंत्र, फणसाखाली नेला की सिग्नल जाई, म्हणून त्या कोपऱ्यात दुसरं यंत्र तिपाईवर लावलं. दुपारी दगड रोवले तेव्हा उत्तरेकडचा दगड गडग्याच्या चार फूट आत, आमच्या बाजूला आला! नकाशाची 'क' प्रत मिळाली त्यातही तेच: हद्दीची अखंड रेघ इकडे, वहिवाटीची (प्रत्यक्ष वापराची) तुटक रेघ तिकडे. शंभर फूट लांबीला चार फूट, म्हणजे एक तृतीयांश गुंठ्याहून जास्त जमीन शेजारच्या तात्यांची. फणसासकट. एजंटाने त्या फणसाखाली उभं करून मला जागा दाखवली होती. दक्षिणेला गडगाच नव्हता, तिथे आमची हद्द झुडपात पुढे गेली, त्यामुळे क्षेत्र सातबाऱ्याप्रमाणे भरलं. तात्या एवढंच म्हणाले, "गडगा आमच्या आज्याने घातलेला. गुरं अडवायला घातलेला हो, हद्द म्हणून नाय."

गडग्याला धरून खांब ठोकले असते तर पहिल्याच वर्षी ते उपटावे लागले असते. त्यामुळे ते 2,000 रुपये मी मनोमन माफ केले आहेत. (फणस बरका, मऊ गऱ्यांचा निघाला. कापा, घट्ट गऱ्यांचा असता तर जास्त लागलं असतं.)

आता तार. कुंपणवाल्याला फोन केला तर म्हणे, "दर्याची हवा हाय साहेब, लोखंड गंजणारच." मग जाळी का गंजली नाही? तिला जस्ताचा मुलामा आहे. बांधायला मात्र त्याने काळी बाइंडिंग वायर वापरली, स्लॅबच्या सळ्या बांधतात ती. तिथे ती काँक्रीटच्या आत जाते, इथे ऊनपावसात उघडी. कोटेशनमध्ये 'जीआय जाळी' लिहिलं होतं, बांधायच्या तारेचा उल्लेखच नव्हता, आणि मीही विचारलं नाही. हिशेब केला: 55 खांब, प्रत्येकाला पाच गाठी, दुहेरी वेढा, सगळी मिळून दीड किलो तार. काळ्या आणि जीआय तारेत आमच्याकडे किलोमागे चाळीसेक रुपयांचा फरक. म्हणजे सव्वा लाखाच्या कामात या गृहस्थाने साठ रुपये वाचवले. तीन वेळा फोन केले, "उद्या येतो" झालं, आला नाही.

शेवटी दोन किलो जीआय तार आणि पक्कड घेऊन मी आणि एक मजूर दोन दिवस बसलो. जुन्या गाठी कापायचीही गरज नव्हती, निम्म्या हाताने गळून पडल्या. मजुरी 1,400.

जाळीबद्दल तक्रार नाही, उलट पावसाआधी वाटलं होतं त्यापेक्षा ती बरीच चांगली निघाली. कापलेल्या टोकांनाच थोडा गंज आहे. खांबांपैकी कोपऱ्यातला एक किंचित कलला, त्याला तिरका टेकू दिला. उरलेली अर्धा किलो तार पडवीत खुंटीला टांगली आहे. पुढच्या पावसात तीही गंजली तर पुन्हा लिहीन.